रेवस–रेडी सागरी महामार्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आला, की एकच प्रश्न दहा तऱ्हांनी येतो: "समुद्राकाठून थेट गोव्यापर्यंत गाडी जाते का?" जाते. फक्त हा रस्ता एका सलग पट्ट्यासारखा नाही. खाडी आली, की तो काठावर थांबतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. त्यामुळे इथे तिठ्यांइतकंच महत्त्व जेट्यांना आणि पुलांना आहे. लोक सतत विचारतात ते प्रश्न पुढे एकत्र केले आहेत.

१. सागरी महामार्ग म्हणजेच मुंबई–गोवा महामार्ग ना?

नाही. हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो, म्हणून पहिलं उत्तर यालाच. मुंबई–गोवा महामार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'सतरा नंबर'. तो पेण, माणगाव, महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, कणकवली, सावंतवाडी असा आतल्या अंगाने जातो. पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत गेलात तरी समुद्र दिसत नाही. सागरी महामार्ग त्याच्या पश्चिमेला किनाऱ्याकिनाऱ्याने जातो आणि तो राज्याचा रस्ता आहे. दोघांना जोडणारे आडवे रस्ते प्रश्न ५ मध्ये.

२. सुरू कुठे होतो, संपतो कुठे, लांबी किती?

उत्तरेला रायगड जिल्ह्यातलं रेवस बंदर, दक्षिणेला सिंधुदुर्गातलं रेडी. मधे अख्खा रत्नागिरी जिल्हा. लांबी पाचशे ते साडेपाचशे किलोमीटरच्या दरम्यान. आकडा वेगवेगळा ऐकू येतो, कारण खाडी पुलाने ओलांडायची की वळसा घालून, यावर मोजणी बदलते. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते (१९८०–८२), त्या काळापासून या रस्त्याचं नाव त्यांच्याशी जोडलं गेलं आहे.

३. रस्त्यात असताना मी याच रस्त्यावर आहे हे कसं ओळखू?

कागदोपत्री हा प्रमुख राज्य मार्ग ४. मैलाच्या दगडाचा माथा बघा: पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. पण दगड झाडीत बुडालेले असतात आणि मधले काही तुकडे गावातल्या गल्लीतून जातात. म्हणून माझा सल्ला असा: गावकऱ्यांना 'सागरी महामार्ग कुठे' असं विचारू नका. पुढच्या मोठ्या गावाचं नाव घ्या, "वेळणेश्वरला कुठून?" असं. उत्तर लगेच आणि बरोबर मिळतं.

४. मुंबईहून रेवसपर्यंत पोहोचायचं कसं?

गाडीने पेणच्या पुढे वडखळला उजवीकडे वळायचं, पोयनाडवरून कार्लेखिंडीत यायचं. खिंडीतून सरळ अलिबाग, उजवीकडे मांडवा-रेवसच्या बाजूला. पाण्याने जायचं तर भाऊच्या धक्क्याहून रेवसला लाँच आहे. गाडीसकट जायचं तर भाऊच्या धक्क्याहूनच मांडव्याची रो-रो, २०२० पासून सुरू झालेली. गेटवेहून मांडव्याला सुटणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, हे जून-जुलैत निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. उरणकडच्या करंजाहून रेवसला माणसांची तर, म्हणजे प्रवासी होडी, आहे. दुचाकी-चारचाकीचं नियोजन तिच्यावर करू नका.

खरं सांगायचं तर रेवसच्या धक्क्याला हात लावून निघण्याची हौस नसेल, तर प्रवास अलिबागपासून धरावा.

५. मुंबई–गोवा महामार्गाने येतोय. किनाऱ्यावर उतरायला कुठला फाटा घेऊ?

कुठे जायचंय त्यावर. उत्तरेकडून दक्षिणेकडे सांगतो.

वडखळहून अलिबाग. कोलाडहून रोहा आणि पुढे साळाव-मुरूड. माणगावहून म्हसळा, तिथून एक रस्ता श्रीवर्धनला, दुसरा बोर्ली पंचतनमार्गे दिवेआगर-दिघीला. महाडच्या अलीकडे टोळ फाट्याहून आंबेतच्या पुलाने म्हाप्रळ आणि मंडणगड. खेडच्या भरणे नाक्याहून दापोली. चिपळुणातून शृंगारतळीमार्गे गुहागर.

पुढे रत्नागिरी तालुक्यात दोन फाटे जवळजवळ आहेत आणि लोक हमखास चुकतात. आधी निवळी, तिथून जाकादेवी-चाफेमार्गे गणपतीपुळे आणि जयगड. मग हातखंबा, तिथून रत्नागिरी शहर. पुळ्याला जाणारे निवळी सोडून हातखंब्याला वळतात आणि रत्नागिरीच्या गर्दीतून फिरून येतात. त्याला हरकत नाही, आरे-वाऱ्याचा रस्ता तरी बघायला मिळतो (प्रश्न ११).

राजापूरच्या पुढे हातिवल्याहून जैतापूर. तळेऱ्याहून विजयदुर्ग. नांदगाव तिठ्यावरून देवगड. कसालहून मालवण. कुडाळहून मालवण आणि वेंगुर्ला दोन्ही. सावंतवाडीहून वेंगुर्ला, शिरोडा, रेडी.

६. फाटा, तिठा, नाका, कॅन्टीन यांत फरक काय? लोक पत्ता सांगतात आणि मला कळत नाही.

हा प्रश्न मला फार आवडतो. जिथे मोठ्या रस्त्यातून छोटा रस्ता फुटतो तो फाटा. रायगडापासून रत्नागिरीपर्यंत हाच शब्द ऐकाल. तीन वाटा मिळतात तो तिठा. राजापूरच्या खाली, सिंधुदुर्गात शिरल्यावर याचंच राज्य: नांदगाव तिठा, पणदूर तिठा, झाराप तिठा. नाका म्हणजे वस्तीतली, दुकानं असलेली जागा. आणि काही ठिकाणी कधीकाळच्या खाणावळीचं किंवा चहाच्या ठेल्याचं नावच जागेला चिकटतं. देवगड तालुक्यातलं पडेल कॅन्टीन हे त्याचं नामी उदाहरण. तिथे विजयदुर्गचा आणि देवगडचा रस्ता वेगळा होतो. कंडक्टर "कॅन्टीन, कॅन्टीन" ओरडला, की नवखा माणूस चहाला उतरायच्या तयारीत असतो. तुम्ही मात्र नुसतं ओळखा की तिठा आला.

७. गाडी बोटीवर कुठे कुठे चढवावी लागते?

चार ठिकाणी. उत्तरेकडून:

आगरदांडा ते दिघी (राजपुरीची खाडी), बागमांडला ते वेसवी (सावित्री, म्हणजे बाणकोटची खाडी), दाभोळ ते धोपावे (वाशिष्ठी), तवसाळ ते जयगड (शास्त्री).

यांतली दाभोळ–धोपावे ही जुनी, २००३ पासूनची. तिने दापोली आणि गुहागर खऱ्या अर्थाने शेजारी आणले. त्याआधी समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांना एकमेकांकडे गाडी न्यायची तर खेड-चिपळूण फिरून यावं लागे, शंभरावर किलोमीटर.

जयगडच्या दक्षिणेला रेडीपर्यंत कुठेही गाडी बोटीवर घालावी लागत नाही, सगळ्या खाड्यांवर पूल आहेत. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, वाघोटन, आचरा, कोळंब, कर्ली अशी नावं एकामागून एक येतात. म्हणून वेळेचं गणित मांडताना रस्त्याचे दोन भाग करा: जयगडपर्यंतचा बोटींवर अवलंबून, तिथून पुढचा तुमच्या चाकांवर.

८. जंगलजेटीवर पहिल्यांदाच गाडी घालतोय. भीती वाटते.

स्वाभाविक आहे. 'जंगल' हे या सपाट बोटीचं इथलं नाव, झाडांशी त्याचा संबंध नाही. काय होतं ते सांगतो म्हणजे धास्ती कमी होईल.

काठावर रांग लागते. तिकीट गाडीचं आणि माणसांचं वेगळं. बोट आली, की पुढची लोखंडी फळी साखळदंडांच्या आवाजात सिमेंटच्या उतारावर टेकते. आधी उतरणारे उतरतात, मग खलाशी हात करून एकेक गाडी आत घेतो. ड्रायव्हर सोडून बाकीच्यांना खाली उतरून चालत जायला सांगतात. सांगितलं नाही तरी उतरा. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न सोडता, सावकाश. फळी आणि उतार यांच्या सांध्यावर पुढची चाकं किंचित उडतात, तिथे घाबरून ब्रेक दाबू नका. उताराचा खालचा भाग ओहोटीला उघडा पडतो आणि शेवाळाने बुळबुळीत असतो. दुचाकीवाले घसरतात ते तिथेच. काही बोटींवर रिव्हर्समध्ये चढावं किंवा उतरावं लागतं. जमत नसेल तर सरळ सांगा. खलाशी रोज शेकडो गाड्या लावतात, त्यांच्या हाताकडे बघा, आरशाकडे नंतर.

आत गेल्यावर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. मग खाली उतरा आणि कठड्याशी जा. खाडीच्या मधोमध दोन्ही काठांचे माड सारख्याच अंतरावर दिसतात तो क्षण गाडीत बसून घालवू नका.

९. शेवटची बोट चुकली किंवा वादळामुळे बोट बंद आहे. मग?

प्रत्येक खाडीला वळसा आहे, पण सारखा नाही.

आगरदांड्याला अडकलात तर मुरूडहून मागे येऊन रोहा, माणगाव, म्हसळा. बागमांडल्याला अडकलात तर म्हसळ्याकडे येऊन आंबेतच्या पुलाने म्हाप्रळ, मंडणगड. आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद राहिल्याचे प्रसंग घडलेले आहेत, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या. दाभोळला अडकलात तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर. हा सगळ्यात जिवावर येणारा वळसा.

तवसाळचा मात्र सोपा आहे आणि पुष्कळांना माहीतच नाही. मीही एकदा तिथे उशिरा पोहोचलो. तिकिटाची खोली बंद, बोट पलीकडच्या काठाला लावलेली, आणि समोर जयगडच्या दीपगृहाचा झोत ठरल्या वेळी फिरून जाणारा. रात्र गाडीतच काढायची असं ठरवत होतो. जाळं आवरत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "खंय जावचा? पुळ्याक? मग आबलोलीवरून भातगावच्या पुलावर जावा." मागे फिरलो. आबलोलीच्या बाजूने भातगाव-राईचा पूल ओलांडला की शास्त्रीच्या दक्षिण काठावर येता, आणि तिथून जाकादेवी-चाफेमार्गे गणपतीपुळे. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, पण सलग आहे. तेव्हापासून तवसाळला जायच्या आधी मी घड्याळ बघतो आणि उशीर असेल तर हेदवीहूनच आबलोलीकडे वळतो.

१०. मुरूडहून दिघीला जायला राजपुरी की आगरदांडा?

गाडी असेल तर आगरदांडाच. राजपुरीहून जंजिरा किल्ल्याच्या बोटी सुटतात, तिथे गाडीची बोट नाही. दोन्ही एकाच खाडीवर असल्याने पर्यटक राजपुरीच्या अरुंद रस्त्यात गाडी घालतात आणि किल्ल्याच्या गर्दीत अडकून पडतात. किल्ला बघून मग पलीकडे जायचं असेल तर आधी राजपुरी, मग आगरदांडा असा क्रम ठेवा. खाडी ओलांडून दिघी, बोर्ली पंचतन, दिवेआगर.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावीवरून जाणारा किनाऱ्याचा तुकडा या महामार्गावरचा माझ्या मते सगळ्यात देखणा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. वाड्या पुन्हा उभ्या राहताहेत. वाटेत सुपारी वाळत घातलेली दिसली तर त्यावरून गाडी नेऊ नका.

११. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला आरे-वाऱ्यावरून जाऊ की निवळीवरून?

रत्नागिरी शहरात जायचं असेल तर आरे-वारे, यात दुसरा विचार नको. डोंगराच्या कडेने रस्ता वर चढतो आणि खाली दोन किनारे शेजारी शेजारी उलगडतात. एकच विनंती: वळणावर गाडी थांबवून फोटो काढू नका, मागून येणाऱ्या एसटीला तुम्ही दिसत नाही. पुढे थोडं गेलात की थांबायला जागा आहे.

चिपळूण किंवा मुंबईकडे परतायचं असेल तर निवळी. पण जयगड बंदराची अवजड वाहनं चाफे-निवळी रस्त्यावर असतात, रात्री जपून. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, पुळ्यापासून अगदी जवळ. जयगडकडून येत असाल तर आधी तेच लागेल.

१२. रत्नागिरी ते देवगड किनाऱ्यानेच जाता येतं का? नकाशा सारखा राजापूरकडे ढकलतो.

येतं. नकाशा वेळ वाचवायला हमरस्ता सुचवतो, त्याचं ऐकू नका. भाट्ये पूल, पावस, पूर्णगडचा मुचकुंदीवरचा पूल ओलांडून गावखडी, मग कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर. कशेळीला कनकादित्याचं, आडिवऱ्याला महाकालीचं देऊळ, दोन्ही थांबण्यासारखी. जैतापूरचा पूल ओलांडल्यावर वाघोटन नदीवरच्या पुलाकडे जायचं. हा पूल म्हणजे जिल्ह्याची हद्द. पलीकडे सिंधुदुर्ग. मग पडेल कॅन्टीन (प्रश्न ६): उजवीकडे विजयदुर्ग, सरळ जामसंडे-देवगड.

या पट्ट्यात सडे लागतात. काळ्या कातळाचं उघडं माळरान, दुपारी सावलीला झाड नाही आणि पेट्रोल पंपही लांब लांब. टाकी रत्नागिरीलाच भरून घ्या.

१३. देवगडहून कुणकेश्वरला जुना रस्ता की तारामुंबरीचा पूल?

तारामुंबरी–मिठमुंबरी पूल. जवळ पडतो आणि सुरूच्या बनातून किनाऱ्यालाच नेतो. पुढे मिठबाव, मुणगे, आचरा, आणि कोळंबच्या पुलावरून मालवण. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा असते, त्या दिवसांत इथे गाड्यांचा मार्ग बदलतात.

१४. मालवण ते वेंगुर्ला?

कर्लीची खाडी ओलांडून परुळे, मग म्हापण, केळूस, वेंगुर्ला. ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेला चिपीचा विमानतळ याच वाटेवर, परुळ्याजवळ. 'सिंधुदुर्ग विमानतळ कणकवलीजवळ आहे का' असं विचारणारे असतात. नाही, तो समुद्राकाठच्या सड्यावर आहे. तारकर्ली-देवबागला गेलेल्यांनी लक्षात घ्यावं, की देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या टोकाला रस्ता संपतो, पलीकडे गाडी जात नाही. मागेच फिरावं लागतं.

१५. पावसाळ्यात हा रस्ता करावा का?

घाई नसेल आणि रात्री गाडी चालवायची नसेल तर करावा. खाडीच्या बोटी पावसाळ्यातही चालतात, वाऱ्या-वादळाला थांबतात. खरा धोका छोट्या मोऱ्यांचा आणि ओढ्यांचा. जुलै २०२१ मध्ये काशीदजवळचा एक लहान पूल पावसात कोसळला आणि अलिबाग–मुरूड रस्ता तिथेच तुटला. मोठ्या खाडीवरच्या पुलाची सगळे चौकशी करतात, ओढ्यावरच्या मोरीची कोणी करत नाही. मोरीवरून पाणी वाहत असेल आणि कठडे दिसत नसतील तर थांबा. कोकणातलं पाणी जसं चढतं तसं तासा-दोन तासांत उतरतंही.

१६. मोठी बस किंवा टेम्पो घेऊन सगळा रस्ता होईल का?

सगळा नाही. जंगलजेटीवर मिनी बस जाते, मोठ्या बसचं बोटीच्या आकारावर आणि भरतीवर ठरतं. रेवदंडा–साळाव पुलावर जड वाहनांना वेळोवेळी बंदी असते. गावांतली वळणं तर अशी, की एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला कोणाची तरी पडवी. पन्नास माणसांची सहल असेल तर हमरस्त्याने येऊन प्रश्न ५ मधल्या फाट्यांनी एकेका ठिकाणी उतरा.

१७. नवे पूल होणार म्हणतात. मग जेट्या बंद होतील?

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या आराखड्यात रेवस–करंजा, रेवदंडा, आगरदांडा–दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी, कुणकेश्वर अशा खाड्यांवरचे पूल आहेत. पूल हवेतच. बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस रात्री दोन वाजता काठावर बोटीची वाट बघत बसतो, हे ज्यांनी पाहिलंय ते पुलाला नाही म्हणणार नाहीत. आमचं मागणं एवढंच आहे, की पुलाला जोडणारा रस्ता वाड्या कापत न जाता जुन्या वहिवाटीने यावा. केळशीसारख्या ठिकाणी सध्या भारजा नदी ओलांडायला आत मांदिवलीपर्यंत जावं लागतं. पूल झाला, की साखरी आणि केळशी ही समोरासमोरची गावं खरोखर शेजारी होतील.

१८. रेडीहून पुढे गोव्यात कसं जायचं? आणि तेरेखोलचा किल्ला नक्की कोणाचा?

रेडीहून सरळ खाली गेलात, की तेरेखोल. इथे गंमत अशी, की नदी ओलांडण्याआधीच तुम्ही गोव्यात शिरता. तेरेखोल नदीच्या उत्तर काठावरचा हा छोटा तुकडा, किल्ल्यासकट, गोव्याचा आहे. बाकी गोवा नदीच्या पलीकडे. खाली धक्क्यावरून केरीला गोवा सरकारची फेरीबोट जाते, गाडी चढते.

फेरी नको असेल तर आरोंद्याकडे वळून किरणपाणीच्या पुलाने पेडणे तालुक्यात उतरा. दारूच्या बाटल्या किल्ल्यावरून रेडीला आणल्या तरी ती राज्याची हद्द ओलांडणंच आहे, तपासणी होते. रेडीतच थांबणार असाल तर यशवंतगड आणि १९७६ मध्ये सापडलेल्या मूर्तीचं गणेशमंदिर बघा, आणि संध्याकाळी शिरोड्याला या. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते हे शिरोडं. मिठागरं रस्त्यावरूनच दिसतात.